दाढेवरून काढलेलं वय

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात मला लेखनिकाची नोकरी लागली तेव्हा मी वीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली मुलगी खुर्चीवर बसून लिहिते, याचंच तेव्हा गावात अप्रूप. केसपेपर लिहायचे, औषधांचा साठा नोंदवायचा, एवढंच काम असेल अशी माझी समजूत होती. पण मला घेतलं होतं ते मुख्यतः गुरुवारच्या कामासाठी.

गावाबाहेर खाडीच्या अंगाला कौलांचा एक कारखाना होता. मी येण्याआधी काही महिने तिथे सरकारी निरीक्षक अचानक येऊन गेले होते आणि त्यांना ओली कौलं डोक्यावरून वाहणारी आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांची पोरं सापडली होती. कायदा नवा होता. चौदाच्या आतलं मूल कारखान्यात ठेवायचं नाही, आणि त्यापुढच्या पण अठरा न झालेल्या प्रत्येकानं सरकारी डॉक्टरांकडून वयाचा दाखला आणायचा. दाखला मिळाला की कारखाना नंबर घातलेला पितळी बिल्ला देई. तो अंगावर असल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही. दाखल्यासाठी मुलं दर गुरुवारी आमच्याकडे येत. त्यांत मुलीही असत, आणि मुली तपासताना एक बाई खोलीत हवी, म्हणून मी.

डॉक्टर पन्नाशीचे, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत लष्करात नोकरी करून आलेले. फार कमी बोलत. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला सांगितलं, की इथे येणारा प्रत्येक जण वय वाढवून सांगणार आहे असं धरूनच लिहायला बसा. शाळेचा दाखला आणला तर तो भावाचा असेल. गावच्या पाटलानं दिलेला जन्माचा उतारा आणला तर शाई वाळली आहे का ते बघा. तसला उतारा दोन कोंबड्यांत मिळतो. आपण फक्त दात पाहायचे. मागची दुसरी दाढ बारा-तेराव्या वर्षी येते. ती पुरी वर आलेली दिसली, उंची-वजन बरं असलं, की पुढचा विचार करायचा. ती नसेल तर मूल लहान आहे, मग आई कितीही शपथा घेवो.

मी हे सगळं मनापासून उचललं. माझे वडील शाळामास्तर. घरात अभ्यासाशिवाय दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. पोरांना कामाला पाठवणारे आईबाप मला आतून दुष्टच वाटत. त्यामुळे लबाडी पकडण्याची मला फार लवकर गोडी लागली. दहा वर्षांच्या मुलीला नऊवारी नेसवून, अंबाडा घालून आणायचे. नाव विचारायच्या आत पोरगं "पंधरा" म्हणून मोकळं व्हायचं. एकदा एका मुलाचा बिल्ला घालून त्याचा धाकटा भाऊ कामावर गेला होता, तो मीच नोंदवहीतल्या उंचीवरून ओळखला. डॉक्टरांनी त्या दिवशी मला चहा मागवला. पुढे पुढे कोण दारातून आत येताना कसं पाऊल टाकतो त्यावरूनच मी मनात निकाल लावू लागले.

अशाच एका गुरुवारी कामोठ्याहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. कामोठं तेव्हा खाडीकाठचं लहान आगरी गाव होतं. भाताची खाचरं, पलीकडे मिठागरं, आणि खारं पाणी थोपवणारे मातीचे बांध. बांधावरून चालत यायला सव्वा तास लागायचा. बाई विधवा होती. मुलगी माझ्या खांद्याच्याही खाली. हात काड्यांसारखे, पण तळवे रुंद आणि घट्टे पडलेले. केसांत गंगावन घालून अंबाडा मोठा केला होता. त्याचं टोक सुटून मानेवर आलेलं मला लगेच दिसलं. मी ते डॉक्टरांना खुणेनं दाखवलं.

आईनं मुलीचं वय सोळा सांगितलं. कारखान्यात ती आधीपासून होती, निरीक्षक येऊन गेल्यावर दाखला नाही म्हणून तिला बसवून ठेवली होती. आईनं पाटलाचा उतारा पुढे केला. त्यावरची शाई काळीभोर, कालचीच.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. मागची दाढ खाली दोन्ही बाजूंना नव्हती. वर एका बाजूला अर्धीच दिसत होती.

मुलगी म्हणाली, दाढा आल्या होत्या, पण किडल्या, सूज यायची, म्हणून गावातल्या एका म्हाताऱ्यानं काढल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दात नाहीत याला ही नवी सबब कुणीतरी शिकवलेली दिसत होती. मी लिहिलं: अंदाजे बारा, नामंजूर.

ती जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. "मी खोटा नाय बोलत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, किती सराईत आहे.

पुढच्या गुरुवारी त्या दोघी पुन्हा आल्या. डॉक्टरांनी बाहेरूनच परत पाठवलं. त्यानंतर दोन दिवसांनी कारखान्याचा मुकादम सहज आल्यासारखा आला. खोकल्याचं औषध घेतलं आणि जाता जाता मला म्हणाला, ती कामोठ्याची बारकी पोर हाताची फार चांगली आहे, तिचं एकही कौल वाकडं जात नाही, काही करता आलं तर बघा. एवढं ऐकल्यावर माझी खात्रीच झाली. मुकादमाला जी हवी, ती लहान असणारच. मोठी माणसं त्याला मिळत नव्हती थोडीच.

तीन आठवड्यांनी कामोठ्याचीच आणखी एक मुलगी आली, मामाबरोबर. ही चांगली उंच, भरल्या अंगाची. दाढा चारही पुऱ्या आलेल्या. मामानं पंधरा सांगितलं. डॉक्टरांनी वजन घेतलं, हाताची हाडं चाचपली आणि मान हलवली. मी लिहिलं: पंधरा, मंजूर. ती इकडेतिकडे बघत होती, भिंतीवरचं हाडांच्या सापळ्याचं चित्र पाहून तिला हसू येत होतं. आडनाव आधीच्या मुलीचंच होतं, बापाचं नावही तेच. पण कामोठ्यात एका आडनावाची निम्मी घरं, आणि बापांची नावंही फिरून फिरून तीच. माझा संशय तिथवर गेलाच नाही.

पावसाळा संपल्यावर निरीक्षक पुन्हा आले. या खेपेला त्यांनी मला बरोबर घेतलं, मुली ओळखायला. आम्ही दुपारच्या सुट्टीत गेलो. माणसं भट्टीच्या सावलीला जेवत होती. वाळत घातलेल्या कौलांच्या फळ्यांमागे मला ती बारकी मुलगी दिसली. मी निरीक्षकांना तिथेच थांबायला सांगितलं आणि मागून जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. बिल्ला नसताना ती चोरून कामावर येते आहे, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

मी विचारलं, इथे काय करतेस.

"भाकर आनली."

कुणाची, म्हणून विचारलं तर तिनं हनुवटीनं पलीकडे दाखवलं. तिथे ती उंच मुलगी जमिनीवर बसून कौलांच्या खापऱ्यांनी सागरगोटे खेळत होती. तोंडात घास, एक खापरी हवेत, दुसरी मुठीत. खेळात इतकी गुंगली होती की आमच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात बिल्ला होता, तो खेळताना मध्ये येतो म्हणून तिनं पाठीवर टाकला होता.

मी म्हटलं, ही तुझी कोण?

"बहीण."

"मोठी?"

ती मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "नाय. धाकटी."

मी तिचं वय विचारलं.

"तुमी लिवलंय ना. पंधरा. तुमच्याच कागदावर हाय."

मला ते एकदम कळलं नाही. कळलं तेव्हाही मी ते मानलं नाही. परतीच्या वाटेवर मी निरीक्षकांना काही बोलले नाही, कारण मला हाही एक डाव वाटत होता. धाकटीला धाकटी म्हणून दाखवायचं, म्हणजे हिला थोरली मानून दाखला मिळेल. पण ती सागरगोटे खेळणारी मुलगी डोळ्यांपुढून हलेना. पंधरा वर्षांच्या आगऱ्याच्या मुली मी पाहिल्या होत्या. त्यांची लग्नं झालेली असत. त्या सुट्टीत पाठ टेकतात, खेळत नाहीत.

रविवारी मी बांधावरून कामोठ्याला गेले. वडिलांना खोटंच सांगितलं, की मैत्रिणीकडे जाते. पाटलाच्या ओटीवर बसून मी जन्माची मूळ वही मागितली. पाटील म्हातारा होता. सरकारी बाई एकटी चालत आली म्हणून तोही बिचकला. उताऱ्याची चौकशी आली आहे का, असं दोनदा विचारलं. शेवटी त्यानं फडक्यात गुंडाळलेली वही काढली. लढाईच्या सुरुवातीच्या सालात थोरलीची नोंद होती. शाई तपकिरी पडलेली, खाली-वर दुसऱ्यांचे जन्म आणि मृत्यू, मध्ये घुसडायला बोटभर जागा नाही. तिला सोळा पुरी होऊन चार महिने झाले होते. धाकटीची नोंद पुढच्या वहीत सापडली. तिला बारावं लागलं होतं.

मी त्या पानावर बोट ठेवून सालं पुन्हा एकदा मोजली. पाटील म्हणाला, ज्या साली थोरली जन्मली त्याच्या पुढच्या वर्षी उधाणानं बांध फुटला, खाचरांत खारं पाणी शिरलं, दोन वर्षं पिकलं नाही. त्यात लढाईमुळं तांदूळ मिळेना. त्या वेळची आमची सगळीच पोरं अशी खुरटी राहिली, बाई. धाकटी नंतरची. तिला पोटभर मिळालं.

मग मी त्यांच्या घरी गेले. आई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. मी काय पाहून आले ते सांगितलं आणि म्हटलं, दोघींना गुरुवारी घेऊन या, चूक दुरुस्त करू. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एकीला तुम्ही काढलंत, आता दुसरीला काढायला आलात. धाकटी चौथीत होती. थोरलीला नाकारल्यावर घरात पैसे येणं थांबलं, म्हणून तिला शाळेतून काढून मामाबरोबर पाठवली होती. हे तिनं मला दोष देण्याच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस पडला म्हणून भिजले, असं सांगावं तसं सांगितलं.

थोरली मागच्या दाराजवळ भात कांडत होती. मुसळ ठेवून ती पुढे आली.

"दोगींना एकदम नाय बोलवायची," ती म्हणाली. "आदी मना कागद द्या. माजा बिल्ला माज्या हातात येऊ दे. मंग तिचा काडा."

मी म्हटलं, मी तुला फसवीन असं वाटतं तुला?

तिनं आईकडे पाहिलं, आणि आईनं माझ्याकडे.

डॉक्टरांना सांगणं मला सगळ्यांत जड गेलं. सोमवारी सकाळी रोगी यायच्या आत मी सांगितलं. ते प्रथम म्हणाले, पाटलानं तुम्हाला गुंडाळलं. मी शाईचा रंग सांगितला, आजूबाजूच्या नोंदी सांगितल्या. मग ते म्हणाले, दाखला रद्द केला तर वर कळवावं लागेल, आणि मग माझ्या बाकीच्या दाखल्यांवर कोण विश्वास ठेवील? एवढं बोलून ते औषधांच्या खोलीत निघून गेले. तीन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. ते मलाही कारखान्याचं माणूस समजू लागले असावेत, असं मला वाटत राहिलं. मुकादम माझ्याशी बोलून गेला होता हे त्यांनी पाहिलं होतं.

गुरुवारी थोरली एकटीच आली. या वेळी अंबाडा नव्हता, साधी वेणी होती. डॉक्टरांनी तिला दिव्याजवळ बसवलं, बोट घालून खालची मागची हिरडी एका बाजूनं दाबत नेली. एका ठिकाणी ती कळवळली. त्यांनी पुन्हा तिथेच दाबलं, मग आरसा घालून पाहिलं, आणि हात धुवायला उठले. हात धुताना पाठमोरेच म्हणाले, "मूळ आत राहिलंय. म्हाताऱ्यानं दाढ मोडून काढली. वरचीही उगवती नाही, किडून झिजलीय. लिहा, सोळा पूर्ण."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. ते मूळही त्यांनीच पुढच्या महिन्यात काढून दिलं.

बिल्ला हातात आल्यावर, ठरल्याप्रमाणे, ती पुढच्या गुरुवारी धाकटीला घेऊन आली. धाकटी रडून रडून सुजली होती. दोऱ्यातून बिल्ला सोडताना तिनं माझ्या हाताला नखं लावली. तिला कारखाना आवडत होता. तिथे तिला कुणी लहान म्हणत नव्हतं, आणि ती मोठ्या बायकांच्या बरोबरीनं घास खात होती. दाखल्यावर डॉक्टरांनी लाल शाईनं रेघ मारली आणि वर पाठवायच्या कागदावर कारण लिहिलं: वैद्यकीय अंदाजात चूक. तीन शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

धाकटीला शाळेत परत घातली. तरी माझा भरवसा बसेना. शनिवारी दवाखाना अर्धा दिवस असे. मी महिनाभर दर शनिवारी बांध तुडवत तिच्या शाळेत जायची आणि मास्तरांकडून हजेरी बघायची. चौथ्या शनिवारी ती शाळेच्या मागे आंब्याखाली मला गाठून म्हणाली, "तुमाला काय मिलतं यातून?"

मी खरं ते सांगितलं, की या कामासाठी वेगळं काही मिळत नाही. तिला ते पटलं नाही. तिच्या जागी मलाही पटलं नसतं. ती म्हणाली, ताई सांगते, या बाईपुढं नीट बोल, तिच्या हातात वयाची वही असते.

त्या वर्षी मी डॉक्टरांकडून परवानगी घेऊन आधीच्या नोंदी पुन्हा तपासायला लागले. रविवारी एकेक गाव घ्यायची. पळस्प्याला जाताना, कळंबोलीला जाताना, बरोबर दवाखान्याचा शिपाई असे. कुठे मूळ वही होती, कुठे वाळवीनं खाल्लेली, कुठे मुलीच्या जन्माची नोंदच केलेली नव्हती. आणखी काही चुका सापडल्या, दोन्ही बाजूंच्या. ज्यांचं वय कमी धरलं होतं त्यांना दाखले दिले. ज्यांचं जास्त धरलं होतं त्यांचे काढून घेतले, आणि अशा प्रत्येक घरात कुणी ना कुणी मला पाणी द्यायचं टाळलं. बऱ्याच मुलांचं काहीच कळलं नाही. त्यांची वयं आमच्या वहीत आम्ही लिहिली तीच राहिली, आणि पुढे लग्नात, नोकरीत, मतदार यादीत तीच चालली असतील.

थोरली त्या कारखान्यात लग्न होईपर्यंत होती. साच्याच्या कामावर तिला बढती मिळाली, असं मुकादमानं सांगितलं. खरं होतं, मी तिला साच्यावर पाहिलं. धाकटी सातवी पास झाली. निकालाच्या दिवशी थोरली दवाखान्यात आली. खुर्ची पुढे केली तर बसली नाही. गुणपत्रिका टेबलावर ठेवून म्हणाली, जरा वाचून सांगा, खरंच पास हाय का. ती सांगते पण माझा विश्वास नाय.

मी एकेक विषय वाचून दाखवला. गणितात जेमतेम होती, भूगोलात चांगली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं, घडी घातली आणि कमरेला खोचला. कारखान्याचा भोंगा व्हायला थोडाच वेळ होता, म्हणून ती घाईनं निघाली.